मावशीचा रिपोर्ट : एच.पी.व्ही. तपासणीविषयी थोडेसे

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकात कविता याव्यात, प्रवासवर्णने यावीत, फार तर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र यावे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने स्त्रियांच्या आजाराविषयी, आणि तेही ‘असल्या’ आजाराविषयी लिहिण्याचे काय कारण, असे कोणी विचारील. कारण आहे, आणि ते घरातलेच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मावशी आमच्याकडे आली होती. तिचे वय बेचाळीस. तिच्या गावी स्त्रियांसाठी मोफत आरोग्यशिबिर झाले होते. शेजारणींबरोबर तीही गेली, तपासणी करून घेतली आणि पंधरा दिवसांनी एक लिफाफा तिच्या हाती पडला. देणाऱ्याने काही सांगितले नाही आणि घेणारीने काही विचारले नाही. तो लिफाफा तिने साडीच्या घडीत ठेवून आणला होता. रात्री जेवणे आटोपल्यावर तिने मला गच्चीवर नेले आणि कागद पुढे केला. “तू कॉलेजात शिकतेस. एवढं वाचून सांग.”

कागद इंग्रजीत होता. ‘हाय-रिस्क एच.पी.व्ही. : पॉझिटिव्ह’ एवढेच त्यात ठळक अक्षरांत होते. इतकी वर्षे इंग्रजी शिकलेल्या मला त्यातला प्रत्येक शब्द वाचता येत होता, आणि एकाचाही अर्थ सांगता येत नव्हता.

“म्हणजे मला क्यान्सर झालाय का गं?” तिने विचारले. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ती आणखी खालच्या आवाजात म्हणाली, “आणि हे असलं मला लागलं कुठून? रांगेतली एक बाई म्हणत होती, वाईट चालीच्या बायकांना होतं हे. तुझ्या काकांना मी काय सांगू?”

तिचे प्रश्न दोनच होते. त्या रात्री माझ्यापाशी दोन्हींची उत्तरे नव्हती. पुढे ग्रंथालयात बसून आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारून जे समजले, ते येथे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. तेव्हा हा लेख म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नव्हे. डॉक्टरांकडे गेल्यावर नेमके काय विचारावे हे कळले, तरी त्याचे काम झाले असे मी समजेन.

रोग आणि त्याचे ठिकाण

गर्भाशयाला आपल्याकडे बायका ‘पिशवी’ म्हणतात. ही पिशवी उलट्या धरलेल्या पेरूसारखी असते. वर रुंद आणि खाली निमुळती. खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. या ठिकाणी दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते. बाहेरच्या बाजूच्या पेशी चपट्या, थरांवर थर रचलेल्या. आतल्या बाजूच्या उंच आणि एकेरी ओळीतल्या. या सीमेवरच्या पेशी वयाबरोबर आपले रूप बदलत असतात. नेमक्या याच नाजूक पट्ट्यात विषाणूला शिरकाव मिळतो आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा येथूनच सुरू होतो.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. यांपैकी भारतातल्या नव्या रुग्ण सव्वा लाखाहून अधिक आणि मृत्यू सुमारे ऐंशी हजार. मन अधिक अस्वस्थ होते ते पुढची गोष्ट वाचून. हा रोग एका रात्रीत होत नाही. प्रकृती धडधाकट असलेल्या स्त्रीच्या बाबतीत पेशींतल्या पहिल्या बिघाडापासून कर्करोगापर्यंत जायला साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. इतका अवधी देणारा शत्रू विरळा. तरीही बायका मरतात, कारण त्या वर्षांत कोणी पाहिलेलेच नसते. प्रारंभी दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसणे, ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून तपासणी करायची ती काही होत नसताना. आपल्याकडे नेमके हेच गळी उतरत नाही. “मला काही होत नाही, मग कशाला?” हा प्रश्न मी माझ्या आईच्या तोंडूनही ऐकला आहे.

शोधाची कथा

इ. स. १८४२ मध्ये इटलीतील वेरोना शहरच्या मृत्यूंच्या नोंदी तपासताना रिगोनी-स्टर्न या वैद्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत पुष्कळ दिसे, परंतु मठांतल्या जोगिणींत अगदी क्वचित. या रोगाचा वैवाहिक जीवनाशी काहीतरी संबंध असावा एवढे त्यावरून दिसले. तो काय, हे कळायला आणखी एक शतक आणि चार दशके जावी लागली.

मधल्या काळात एका ग्रीक माणसाने निराळ्याच बाजूने वाट काढली. जॉर्ज पापानिकोलाऊ हे १९१३ साली पत्नीसह अमेरिकेत उतरले. शिक्षण डॉक्टरीचे, पण सुरुवातीला पोटासाठी दुकानात गालिचे विकावे लागले. पुढे न्यू यॉर्कला कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम मिळाले. गिनीपिगच्या योनिमार्गातील स्राव काचेवर पसरून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. तीच रीत त्यांनी माणसांकडे वळवली, आणि त्यांची पत्नी आंद्रोमाखी हिने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने या अभ्यासासाठी दिले. असे नमुने पाहता पाहता त्यांना कर्करोगाच्या विद्रूप पेशी ओळखता येऊ लागल्या. १९२८ साली त्यांनी ही गोष्ट प्रथम जाहीरपणे मांडली, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. रुमानियातले ऑरेल बाबेश हेही त्याच सुमारास तशाच निष्कर्षाला आले होते. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासह पापानिकोलाऊंनी आपले संशोधन पुन्हा प्रसिद्ध केले आणि मग मात्र ‘पॅप’ तपासणी जगभर गेली. ‘पॅप’ हे त्यांच्याच नावाचे लघुरूप होय.

पॅप तपासणीने रोगाचा माग लागे. पण रोग होतो कशाने? १९७० च्या सुमारास बहुतेकांचा संशय हर्पिस या विषाणूवर होता. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना ते पटत नव्हते. त्यांनी मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच एच.पी.व्ही.चा, पाठपुरावा केला. १९८३ साली त्यांच्या प्रयोगशाळेला कर्करोगाच्या गाठींत या विषाणूचा १६ वा प्रकार सापडला आणि १९८४ साली १८ वा. या कामासाठी त्यांना २००८ साली वैद्यकातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री याच रोगाने मरण पावली. तिच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या पेशींतही पुढे १८ वा प्रकार सापडला.

हा विषाणू आहे तरी कसा?

एच.पी.व्ही. हा एक विषाणू नसून दोनशेहून अधिक प्रकारांचे मोठे कुटुंब आहे. हातापायांवर उठणारे चामखीळ हे याच कुटुंबातल्या काही निरुपद्रवी भाऊबंदांचे काम. यांतले बारा-चौदा प्रकार कर्करोगाशी संबंधित असल्यामुळे त्यांना ‘हाय-रिस्क’, म्हणजे अधिक धोक्याचे, म्हणतात. त्यांतही १६ आणि १८ हे दोन प्रकार सर्वांत वाईट. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी हे दोघे असतात.

हा विषाणू गुप्तांगाच्या त्वचेचा त्वचेशी संबंध आल्याने पसरतो, आणि तो अतिशय सर्वसामान्य आहे. ज्यांचा कधीही शरीरसंबंध आला आहे अशा बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होते. बहुतेकांना ती झाल्याचे कळतही नाही, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्याला हाकलून लावते. दहापैकी सुमारे नऊ लागणी दोनेक वर्षांत आपोआप नाहीशा होतात. जी लागण वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसते, तिच्यापासूनच पुढे पेशींत बिघाड होऊ शकतो. तंबाखूचे धूम्रपान, एच.आय.व्ही.ची बाधा, पुष्कळ बाळंतपणे यांमुळे हा धोका वाढतो. एच.आय.व्ही.ची बाधा असलेल्या स्त्रीला तर तो सुमारे सहापट असतो. म्हणून तिने तपासणी लवकर, पंचविसाव्या वर्षापासूनच, सुरू करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तपासणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग पॅपचा. गर्भाशयमुखावरून मऊ ब्रशने पेशी घ्यायच्या, रंगवायच्या आणि जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. याला निष्णात डोळे लागतात आणि एका तपासणीत बिघाड नजरेतून सुटू शकतो; म्हणून ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

दुसरा मार्ग अगदी स्वस्त. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचेच द्रावण, गर्भाशयमुखाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. प्रशिक्षित परिचारिकेला हे साध्या डोळ्यांनी पाहता येते आणि निष्कर्ष तेथल्या तेथे मिळतो. भारत सरकारने २०१६ च्या मार्गदर्शिकेत तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी सुचवली. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा बारा वर्षे अभ्यास केला. साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने तेथील मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

तिसरा मार्ग एच.पी.व्ही. तपासणीचा. येथे नमुन्यात अधिक धोक्याच्या प्रकारांचे जनुकद्रव्य आहे की नाही एवढे यंत्राने पाहिले जाते. पेशी बिघडल्या आहेत का, हे पहिल्या दोन तपासण्या विचारतात. त्या बिघडण्याचे कारण हजर आहे का, हे ही तिसरी विचारते. हा फरक लक्षात घेतला नाही तर अहवालाचा अर्थ चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हीच तपासणी पहिल्या पसंतीची मानली आहे. सर्वसाधारण स्त्रीने ती तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी करावी. तिशीच्या आत का नको? तरुण वयात लागण फार सर्वत्र असते आणि बहुधा आपोआप जाते. उगाच भीती मात्र पदरी पडते.

या तपासणीचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. कापसाची काडी किंवा छोटा ब्रश योनिमार्गात फिरवून नळीत ठेवायचा. तपासणीच्या टेबलावर झोपायचा संकोच ज्यांना वाटतो त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. मावशीने मला नंतर सांगितले, की तिच्याबरोबर गेलेल्या पाच जणींपैकी दोघी केवळ पडदा नीट नव्हता म्हणून परत फिरल्या.

उस्मानाबादचा प्रयोग

या तपासणीचे महत्त्व जगाला पटवण्यात आपल्या मराठवाड्याचा वाटा आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले आणि थोडा अभिमानही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट करून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक अभ्यास १९९९ साली सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा त्यात सहभाग होता. याच बार्शीत १९८७ साली देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली होती, त्यामुळे कोणाला रोग झाला आणि कोण दगावले याचा हिशेब ठेवणे शक्य होते.

गटांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली गेली. एका भागातील स्त्रियांना एच.पी.व्ही. तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी आणि चौथ्या भागात केवळ माहिती व नेहमीच्या सोयी. प्रत्येक तपासणी एकदाच. त्यानंतर आठ वर्षे वाट पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या भागात काहीच तपासणी झाली नव्हती तेथे ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या रोगाने दगावल्या होत्या, एच.पी.व्ही. तपासणीच्या भागात ३४,१२६ पैकी ३४. आयुष्यातल्या एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी त्या अभ्यासात मृत्यूंत ठामपणे म्हणता येईल अशी घट दिसली नाही.

माझ्या मते यांतला आणखी एक आकडा प्रत्येक स्त्रीला सांगण्याजोगा आहे. ज्यांची तपासणी निगेटिव्ह आली होती, त्यांना पुढच्या वर्षांत कर्करोग किती झाला? दर वर्षी एक लाख स्त्रियांमागे पॅप निगेटिव्ह असलेल्यांत १५.५, व्हिनेगर तपासणी निगेटिव्ह असलेल्यांत १६, आणि एच.पी.व्ही. निगेटिव्ह असलेल्यांत अवघा ३.७. म्हणजे ‘निगेटिव्ह’ या शब्दावर विश्वास ठेवायचा, तर तो या तपासणीच्या निगेटिव्हवर अधिक ठेवता येतो.

या प्रयोगाची एक बाजू मात्र टोचते. चौथ्या भागातील स्त्रियांना तपासणी दिलीच नाही, हे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला आणि त्यावर कडक टीका झाली. आपल्या देशात तेव्हा अशी तपासणी सर्रास कोठेच मिळत नव्हती, असे त्याचे समर्थन केले गेले. वाद काहीही असो, आज जगभरच्या स्त्रियांना या ज्ञानाचा जो लाभ होतो तो आपल्याच खेड्यांतल्या बायकांनी मिळवून दिला आहे, आणि त्यांतल्या काहींनी त्याची किंमतही मोजली आहे. त्यांची आठवण आपण ठेवावी.

अहवाल कसा वाचावा?

आता मावशीच्या पहिल्या प्रश्नाकडे येते.

‘निगेटिव्ह’ म्हणजे अधिक धोक्याचा विषाणू आढळला नाही. पुढच्या पाच वर्षांत गंभीर बिघाड होण्याची शक्यता फारच कमी. पण हे जन्मभराचे अभयपत्र नव्हे. ठरल्या मुदतीने पुन्हा तपासावे, आणि मध्यंतरी अवेळी रक्त दिसले तर अहवालाचा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

‘अपुरा नमुना’ असा शेरा येतो तेव्हा पुष्कळजणी घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की नमुना वाचण्याजोगा नव्हता, पुन्हा द्यावा.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे विषाणू आढळला. कर्करोग आढळला असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उस्मानाबादच्याच अभ्यासाचे आकडे घ्या. एच.पी.व्ही. तपासणी केलेल्या शंभर स्त्रियांत सुमारे दहा पॉझिटिव्ह निघाल्या. पुढची तपासणी करता, उपचार करावा असा तीव्र पूर्वबदल सापडला तो शंभरात साधारण एकीला. प्रत्यक्ष कर्करोग त्याहूनही कमी जणींत. म्हणजे दहा पॉझिटिव्ह स्त्रियांपैकी नऊ जणींना त्या वेळी तसा काही बिघाड नव्हता. परंतु ती दहावी कोण, हे पुढची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून पॉझिटिव्ह अहवालाने घाबरू नये आणि तो साडीच्या घडीत लपवूनही ठेवू नये.

पुढची पायरी प्रकारावर अवलंबून असते. १६ किंवा १८ असेल तर सरळ कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीतून गर्भाशयमुख नीट पाहतात. अन्य प्रकार असतील तर आधी पॅप किंवा व्हिनेगरची तपासणी करून, तीत दोष दिसला तर कॉल्पोस्कोपी; न दिसला तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा एच.पी.व्ही. तपासणी.

पॅपच्या अहवालात आणखी काही लघुरूपे भेटतात. ‘एन.आय.एल.एम.’ म्हणजे दोष नाही. ‘एस्कस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या, पण निश्चित सांगता येत नाही. ‘एल.एस.आय.एल.’ म्हणजे सौम्य बदल आणि ‘एच.एस.आय.एल.’ म्हणजे तीव्र बदल. हा शेवटचा शब्द आला तर दिरंगाई करू नये. कॉल्पोस्कोपीत संशय आला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासतात. त्याच्या अहवालात ‘सी.आय.एन.’ पुढे १, २ किंवा ३ असा आकडा असतो. १ हा सौम्य बदल बहुधा आपोआप निवळतो, त्याच्यावर लक्ष ठेवले की पुरते. २ आणि ३ वर सामान्यतः उपचार करतात.

३ वर उपचार न केले तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते एका दुःखद प्रकरणातून. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या राष्ट्रीय स्त्री रुग्णालयात १९६६ पासून काही स्त्रियांचे हे बदल उपचार न करता नुसते पाहत राहण्याचे धोरण ठेवले गेले, आणि त्या स्त्रियांना त्याची कल्पना नव्हती. १९८७ साली दोन लेखिकांनी एका मासिकात हे उघडकीस आणले, न्यायिक चौकशी झाली आणि १९८८ च्या अहवालाने त्या देशातील रुग्णांच्या हक्कांचा पायाच बदलला. पुढे त्या नोंदींवरून हिशेब केला गेला : उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला, योग्य उपचार मिळालेल्यांत एक टक्काही नाही. तपासणीचे सारे मोल या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

आणि हा उपचार काही मोठी शस्त्रक्रिया नव्हे. बिघडलेला पट्टा उष्णतेने जाळतात, थंडीने गोठवतात, किंवा विजेच्या तारेच्या फासाने खरवडून काढतात. बहुधा स्त्री त्याच दिवशी घरी जाते. हे येथे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की ‘पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट गेली’ असा सल्ला देणारेही भेटतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता. त्यांतल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. केवळ विषाणू आढळला, एवढ्यावरून गर्भाशय काढण्याचे कारण नाही. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुसरा प्रश्न

“हे मला लागलं कुठून?” या प्रश्नाचे उत्तर मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण पहिल्या प्रश्नाने झोप उडते, दुसऱ्याने संसार मोडू शकतो.

उत्तर असे, की अहवालावरून ते कळतच नाही. विषाणू काल आला की वीस वर्षांपूर्वी, हे तपासणी सांगत नाही. तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वयाबरोबर प्रतिकारशक्ती थोडी ढिली झाली की पुन्हा दिसू लागतो. जन्मभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही तो असू शकतो आणि तिच्या नवऱ्याला त्याची गंधवार्ता नसते. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही. मग नवऱ्याने दिला की आणखी कोणी, आधी की नंतर, याचा निवाडा करायला हा कागद साक्षीदार म्हणून उभा राहू शकत नाही. त्याच्यावरून बायकोवर संशय घेणे जितके चूक, तितकेच नवऱ्यावर घेणेही चूक. सर्दी झाली तर ती कोणापासून आली याचा पंचनामा आपण करीत नाही. परंतु स्त्रीच्या शरीराशी संबंध आला की आपला समाज आजाराचेही चारित्र्य तपासू लागतो. रांगेतल्या त्या बाईचे एक वाक्य मावशीने महिनाभर उराशी वागवले. तपासणीला आलेल्या किती जणी असल्या एका वाक्यासरशी माघारी जात असतील?

प्रतिबंधक लस

मुलींसाठी या विषाणूविरुद्ध लसही आहे. नऊ ते चौदा या वयात, विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, ती सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांना आवरते. मात्र असलेली लागण लस घालवत नाही आणि सर्वच प्रकारांना ती अडवत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करावयाची आहे.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंतचे लक्ष्य ठरवले : शंभरातील ९० मुलींना पंधरा वर्षांच्या आत लस, ७० स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा व पंचेचाळिशीपर्यंत दुसऱ्यांदा तपासणी, आणि दोष सापडलेल्यांपैकी ९० जणींना उपचार. आपण कोठे आहोत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारले, की ही तपासणी कधी केली आहे काय? होय म्हणणाऱ्या शंभरात दोनही भरल्या नाहीत, आकडा १.९ टक्के होता.

शेवटी मावशीविषयी. मी तिला शहरात घेऊन गेले. डॉक्टर बाईंनी अहवाल पाहिला. १६ नव्हता, १८ही नव्हता. अन्य प्रकारांपैकी होता. पॅप केली, ती निर्दोष आली. “एका वर्षानं पुन्हा या,” असे सांगून त्यांनी ती तारीख कागदावर मराठीत लिहून दिली. बाहेर काका बाकावर बसले होते. मावशी काही बोलण्यापूर्वी बाईंनीच त्यांना आत बोलावले आणि पाच मिनिटांत दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्यासमोर दिली. काका ऐकून घेऊन म्हणाले, “हे शिबिरातच सांगितलं असतं, तर ही महिनाभर जेवली तरी असती.”

काकांच्या त्या वाक्यात मला जे सांगायचे आहे ते सारे आले. तपासणी करणे जितके आवश्यक, तितकेच तिचा अर्थ समजेल अशा भाषेत सांगणेही. ते काम डॉक्टरांचे आहेच. पण ज्यांच्या घरात आई, मावशी, आत्या, थोरली बहीण तिशी ओलांडून गेली आहे, त्या आपणां सर्वांचेही आहे. आपण भाषा शिकतो ती कशासाठी? या सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने निदान एकीला तरी विचारावे, “तू ही तपासणी केलीस का?” प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटेल. मलाही वाटला. पण आईने गेल्या महिन्यात तपासणी करून घेतली.